भिंगरीचा डावा पाय

संताजीमामांनी घोडीचं जंताचं औषध चमचाभर आपल्या जिभेवर घेतलं, डोळे मिटले, टाळ्याला लावून नीट चव पाहिली आणि म्हणाले, "उप्पु कमी हाय."

उप्पु म्हणजे मीठ. मी औषधाची नळी हातात धरून त्यांच्यासमोर उभा होतो. 'माणसांसाठी नाही' असं त्या नळीवर तीन भाषांत छापलेलं होतं आणि त्यातल्या दोन मामांना वाचता येत होत्या.

"मामा, ते घोड्याचं औषध आहे!"

"होय की. म्हणून तर पाहतों. माझ्या जिभेस जें चालत नाही तें तिच्या पोटांत कसें घालूं?"

त्या दिवशी दुपारभर माझं कामात लक्ष नव्हतं. बकरीला द्यायची गोळी मी बकरीच्या मालकासमोर धरली. संध्याकाळी मामांचा फोन आला तेव्हा मी दोन्ही हातांनी तो कानाला लावला. पलीकडून खणखणीत आवाज: "डॉक्टरा, औषध उत्तम. आम्हां दोघांसही गुण आला."

मी पशुवैद्य आहे. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. हे मी कोणालाही पहिल्या पाच मिनिटांत सांगतो. मी विसरलो तर आई सांगते. आप्पांचं, म्हणजे वडिलांचं, तंजावरात शिवणाचं दुकान होतं. मला नोकरी लागली तेव्हा दवाखान्याबाहेरच्या माझ्या नावाच्या पाटीचा फोटो काढून त्यांनी शिवणयंत्राच्या वर देवाशेजारी लावला. पाटीवर नावापेक्षा नावापुढची अक्षरं जास्त आहेत. गिऱ्हाइकाच्या छातीचं माप घेताना आप्पा त्याला बरोबर त्या फोटोकडे तोंड करून उभं करायचे.

आता मराठीचं. आमच्या घरात मराठी बोलतात, पण लिहीत कोणी नाही. मी देवनागरी शिकलो ती नोकरीआधी चार वर्षं सोलापूरकडे एका कोंबड्यांच्या फार्मवर काढली तेव्हा, दुकानांच्या पाट्या वाचत. तिथले लोक माझं बोलणं ऐकून हसायचे. म्हणायचे, डॉक्टर, तुमची मराठी जुन्या बखरीतून उठून आल्यासारखी वाटते. तेव्हा पुढे कुठे अडखळायला झालं तर दोष तंजावरला द्या. पदवीला देऊ नका.

पापनाशमच्या बाजूला माझी नेमणूक आहे. गायी, शेळ्या, कोंबड्या, क्वचित एखादं कुत्रं. घोडा नाहीच. कॉलेजात घोडा होता, पण एकच, आणि आम्ही साठ जण. त्याचा पाय उचलून बघायला रांग लागायची. माझा नंबर आला तेव्हा घोड्यालाच कंटाळा आला होता आणि त्याने पाय दिला नाही. परीक्षेत मात्र घोड्याच्या लंगडण्यावर मी सात पानं लिहिली आणि वर्गात पहिला आलो.

म्हणून तिरुवैयारूच्या रस्त्याला कालव्याकाठी एका म्हाताऱ्याकडे घोडी आहे आणि तिला जंताचं औषध हवंय, असा निरोप आला, तेव्हा मी नवा शर्ट घालून गेलो.

नारळाची आठ झाडं, कौलारू घर, शेजारी घरापेक्षा नीटनेटकं छप्पर. छपराखाली पांढरी, पोट सुटलेली, पापण्यासुद्धा पांढऱ्या झालेली एक घोडी उभी होती. नाव भिंगरी. भिंगरीसारखं काहीही करायचं तिने कधीच सोडून दिलं होतं. मी पुढे झालो, तिने शांतपणे माझ्या पायावर पाय ठेवला, आणि माझ्या तोंडातून निघालं, "आई गं!"

तोवर मामा माझ्याशी तमिळमध्ये बोलत होते. सरकारी डॉक्टरशी बोलावं तसं, दोन हात लांबून. ते एकदम थांबले.

"काय म्हटलास?"

"पाय... पायावर..."

"अय्यो! आपला माणूस!" मामा ओरडले. घोडी माझ्या पायावर उभी होती ती तशीच. तिला बाजूला सारायचं राहिलं आणि मामांनी विचारलं, "कोणाचा तूं? घर कोठें? आई आहे कां? घरांत उडदाचें डांगर करतां कां अजून?"

आमच्याकडे कोणीही वडीलधारा माणूस मामाच. तमिळमध्येही मामा, मराठीतही मामा. मी म्हटलं, "मामा, सगळं सांगतो, आधी हिला सांगा."

संताजीमामा वीज मंडळातून निवृत्त झालेले. आयुष्यभर मीटर वाचत गावोगाव सायकलने फिरले. एका गावात लग्नाच्या मिरवणुकीची घोडी पाळणारा एक माणूस होता. नवरदेवाला बसवायची, नादस्वराच्या ठेक्यावर पाय उचलून नाचायची, अशी ती भिंगरी. दर दोन महिन्यांनी मामा मीटर वाचायला जायचे आणि ही त्यांच्या खांद्यावरची घामट पिशवी चाटायची. पुढे नवरदेव फुलांनी सजवलेल्या मोटारीतून यायला लागले, त्या माणसाने धंदा बंद केला, आणि मामा निवृत्तीच्या दिवशी घरी आले ते हार, नारळ आणि घोडी घेऊन.

"जानकी म्हटली, एक तर मी नाहीतर ही," मामा सांगायचे. "मी म्हटलों, आधीं हिला पाणी तर दे. ती पाणी द्यायला गेली. आणि मग काय, दोघी एक झाल्या. मजलाच कोणी विचारीना."

जानकीमामी तीन वर्षांपूर्वी गेल्या.

मामांची घोडी सांभाळायची स्वतःची एक विद्या होती. तिचं मुख्य सूत्र एकच, आणि ते मला दर भेटीत किमान सहा वेळा ऐकावं लागे: "अख्खी पाहावी."

"तुम्ही डॉक्टर लोक पाय पाहतां, पोट पाहतां, दांत पाहतां. घोडी कोण पाहतें? तूं शिंप्याचा पोर. तुजला कापडासारखे तुकडे दिसतात. बाही निराळी, गळा निराळा. घोडी शिवलेली नसते, बाबा. अख्खी असते. अख्खी पाहावी."

मी पदवीधर माणूस. मनात म्हणायचो, बोला.

या अख्ख्या विद्येत काय नव्हतं? आमच्या मुलखात बायकांनी शुक्रवारी आणि पुरुषांनी शनिवारी डोक्यावरून तेल घालून न्हायची पद्धत आहे. भिंगरी बाईमाणूस, म्हणून तिला शुक्रवारी तिळाच्या कोमट तेलाने मालिश आणि शिकेकाई. एकदा शुक्रवारी मामांना ताप होता म्हणून ते राहिलं. शनिवारी घाला म्हटलं, तर माझ्याकडे असं पाहिलं की मी जणू तिला धोतर नेसवायला सांगतोय.

हुलगे शिजवून तिला द्यायचे, पण त्यांचं कढण आधी स्वतः प्यायचे. गवत आणलं की एक काडी चावून बघायचे. खूर कापायचे तर अवसेला नाही. रेडिओवर सिनेमाची गाणी लागली की तिचे कान मागे जातात, कीर्तनं लागली की पुढे येतात, असं त्यांचं निरीक्षण. "तिरुवैयारूसारख्या गाण्याच्या गांवच्या वाऱ्यावर वाढलेली घोडी, तिजला बेसूर कसें चालेल?" आणि रोज सकाळी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून तिला कालच्या दिवसाचा सगळा वृत्तांत सांगायचा. कोण आलं, काय जेवलं, दूधवाल्याने काय थाप मारली.

"घोडीचें दुखणें पायांत नसतें, डॉक्टरा. कानांत असतें. चार दिवस कोणी बोललें नाही कीं ती आजारी पडते."

"असं कुठे लिहिलंय, मामा?"

"लिहायला तिला येतें कां?"

आणखी एक लकब. कमरेला तपकिरीची पितळी डबी. त्या डबीत तपकीर नव्हती; मामींनी शपथ घालून सोडवली होती, मामी गेल्यावरही मामांनी शपथ मोडली नव्हती. पण डबी कमरेला होतीच आणि झाकणावर दोन बोटांनी टकटक करायची सवयही होती. मी मनात नोंद केली: व्यसन जातं, चाळा राहतो. मला फार कौतुक वाटलं माझ्या निरीक्षणशक्तीचं.

पहिल्या भेटीनंतर बरोबर आठवड्याने फोन आला. "डॉक्टरा, घोडी लंगडते."

दर गुरुवारी त्या बाजूच्या एका गावात माझं गुरांचं शिबिर असतं. ते आटपून मी दीड वाजता पोचलो. भिंगरी छपराखालून बाहेर आली. मामांनी डबी टकटकवली, "ये, बाई, दाखव," म्हणाले, आणि तिने डावा पुढचा पाय उचलला, मान खाली टाकली आणि तीन पायांवर अशी काही आली की मी धावतच पुढे झालो. कॉलेजातल्या घोड्याने नाकारलेला पाय अखेर माझ्या हातात आला होता!

मी पिशवीतून सुई काढली.

"आतां नको," मामा म्हणाले. "राहुकाल लागला. तीनपर्यंत कांही करूं नये. तंवर बस."

मी विज्ञानाचा पदवीधर आहे. पण राहुकालात सुई टोचली आणि घोडीला काही झालं, तर आईला काय सांगू? बसलो. पितळेच्या गाळणीतून उतरवलेली ताजी कॉफी आली, दोन पेले. केळीच्या पानावर भात, रसम, डांगराची दह्यातली पच्चडी. बोलणं निघालं. माझ्या आजीचं माहेर निघालं, मामींच्या आंबटभाजीची कृती निघाली, आमच्या बोळातला कोण कोणाशी लग्न करून मद्रासला पळाला ते निघालं. तीन वाजता मी पाय तपासला. उष्णता नाही, सूज नाही. सुई द्यायला गेलो तर मामा म्हणाले, "सुई नको. तिच्या मनास लागते. पूड दे." मी पूड दिली.

पुढच्या गुरुवारी: पाय तसाच. वेळ दीडची. राहुकाल, कॉफी, तीन. असं सात महिने.

सात महिने मी भिंगरीचा पाय तपासला. घोड्यांच्या लंगडण्यावरचं उशीएवढं जाड इंग्रजी पुस्तक मागवलं. खुराचे फोटो काढले. मधे एकदा तर ती डाव्याऐवजी उजव्या पायाने लंगडली. मामांना त्या दिवशी शिंका येत होत्या, डबी दोनदा वाजायची ती तीनदा वाजली होती. पण ते माझ्या लक्षात आलं नाही. लक्षात आलं ते पुस्तकातलं एक प्रकरण. 'फिरती लंगड'! अत्यंत दुर्मिळ! मी घरी येऊन आईला सांगितलं की दक्षिण भारतातली ही बहुधा पहिलीच केस आहे आणि मी यावर निबंध वाचणार आहे. आईने आप्पांना सांगितलं. आप्पांनी दुकानात सांगितलं. तीन गिऱ्हाइकांनी माप देता देता माझं अभिनंदन केलं.

आणि मग बाबूचा फोन आला. बाबू म्हणजे मामांचा एकुलता मुलगा. चेन्नईत नोकरी, चौथ्या मजल्यावर घर. मराठी कळते, पण बोलतो तमिळच. माणूस वाईट नाही. बाप एकटा, मागच्या पावसाळ्यात न्हाणीत घसरून पडला होता, तो दोन तास तसाच. बाबूला रात्री झोप लागत नव्हती.

"डॉक्टर अण्णा," तो म्हणाला, "माझ्या अप्पाला मी इथे आणतो. पण घोडी लिफ्टमध्ये मावत नाही. कुंभकोणमचा एक मिरवणुकीवाला तिला घ्यायला तयार आहे. चांगला माणूस आहे. फक्त ती लंगडते म्हणून अडलंय. तुम्ही तिला बरी करा आणि प्रवासाला योग्य आहे असं लिहून द्या. शनिवारी मी येतो."

आता खरं सांगायचं तर त्या क्षणी मामांचं काय होईल हा विचार माझ्या मनात आला नाही. मनात आलं ते एवढंच, की सात महिने झाले, पाय बरा होत नाही, आणि शनिवारी एका चेन्नईच्या माणसासमोर माझी अब्रू जाणार.

त्या गुरुवारी शिबिर रद्द झालं. मी अकरालाच मामांकडे गेलो. मामा बाजारात गेले होते. फाटक उघडं होतं, आणि आत भिंगरी एका कावळ्याच्या मागे धावत होती.

धावत होती. चारी पायांवर. बावीस वर्षांची घोडी, पोट हलवत, नारळाच्या झाडांमधून वळणं घेत. तिने मला पाहिलं, ओळख दाखवली आणि कावळ्याकडे परत गेली.

मला वाटलं, माझी पूड लागू पडली! छातीत असं काही भरून आलं म्हणून सांगू. छपरात फळीवर माझ्या औषधाचे डबे ओळीने मांडलेले होते. किती उरलंय बघावं म्हणून एक उचलला. जड लागला. दुसरा उचलला. तोही जड. एकाचंही सील तुटलेलं नव्हतं. सात महिन्यांची औषधं, धूळ पुसून, सीलबंद.

हातातल्या डब्यावर माझी बोटं आपोआप वाजली. टकटक.

भिंगरी थांबली. डावा पाय उचलला. मान खाली टाकली. आणि डोळ्यांत तोच जीवघेणा भाव आणून तीन पायांवर माझ्याकडे यायला लागली.

मी तीनदा वाजवलं. तिने पाय बदलला.

मी खाली बसलो. गवतावरच. कावळा उडून गेलेला बघून भिंगरीने पाय टेकला आणि काम संपल्यासारखी चरायला लागली.

लग्नात नाचणारी घोडी! पाय उचलायला शिकवलेली! मला हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. दक्षिण भारतातली पहिली केस. निबंध. तीन गिऱ्हाइकं. रागाने माझे कान तापले. म्हातारा कुंभकोणमवाल्याला फसवत होता ते ठीक, पण मला? पदवीधराला? आत्ताच्या आत्ता 'योग्य' असं लिहून देतो, म्हटलं. पेन काढलं. कागद हवा होता. खांबाला सुतळीने एक वही टांगलेली होती.

ती भिंगरीच्या प्रकृतीची वही. मामा तीतून मला नेहमी स्वतः वाचून दाखवायचे: शेण चांगलं, पाणी दोन बादल्या. मी आजपर्यंत ती हातात घेतली नव्हती. उघडली. अक्षरं तमिळ, भाषा आमची. आमच्याकडे लिहायची वेळ आलीच तर असंच लिहितात.

"सोमवार. भिंगरीनें चारा खाल्ला. कोणी आलें नाही."

"मंगळवार. शेण बरें. दिवसभर कोणाशीं बोलली नाही."

"बुधवार. भूक नाही. बाबूचा फोन येईल म्हणून बसून होती. आला नाही. उद्यां गुरुवार."

"गुरुवार. डॉक्टर आला. एक तास पन्नास मिनिटें. फार हसली. संध्याकाळीं रसमभात दोन वेळां घेतला."

मी पानं मागे उलटत गेलो. प्रत्येक गुरुवारी तास आणि मिनिटं. पहिली नोंद त्या आई गं म्हटलेल्या दिवसाची. "नवा डॉक्टर. मराठी बोलतो. जानकी गेल्यापासून पहिल्यानेंच घरांत मराठी झाली. भिंगरीस रात्रीं चांगली झोप." आणि त्याखाली दोन दिवसांनी: "आतां पुन्हां कसा येईल? जंत तर मेले."

बाबूचा बेत निघायच्या कितीतरी आधीची ती नोंद होती. लंगडणं कुंभकोणमवाल्यासाठी नव्हतंच.

घोडी रसमभात खात नाही. हे कळायला पदवी लागत नाही. मला मात्र सात महिने आणि एक जाड पुस्तक लागलं. मी पाय पाहिला, खूर पाहिला, खुराचे फोटो पाहिले. समोर कॉफीचा पेला धरून दुखणेकरी बसला होता, तो पाहिला नाही.

वही जशी होती तशी टांगली आणि मामा यायच्या आत निघून गेलो. त्या गुरुवारी दीड वाजता गेलो नाही. धीर झाला नाही.

शनिवारी बाबू आला. मामा छपराच्या खांबाला टेकून उभे. चेहरा धुतलेल्या पाटीसारखा. हात डबीवर. टकटक, टकटकटक, टकटक. बिचारी भिंगरी डावा उचलू की उजवा उचलू करत जागच्या जागी नाचत होती. तिला वाटलं असेल, पुन्हा कोणाचं तरी लग्न निघालं.

"अण्णा, हिला झालंय तरी काय?" बाबूने तमिळमध्ये विचारलं.

मी कागद काढला आणि मोठ्याने वाचला. घोडी वय वर्षे बावीस. मिरवणूक, ओझे व दूरचा प्रवास यांस अयोग्य. नेहमीची जागा व नेहमीचे माणूस सोडल्यास प्रकृतीस धोका. आठवड्यातून एकदा डॉक्टरांनी पाहणे आवश्यक. रोज फोनवरून चौकशी करणे हितकारक.

यातलं एकही अक्षर खोटं नाही. आजही सही करीन. कोणाच्या प्रकृतीस धोका, ते मी लिहिलं नव्हतं आणि बाबूने विचारलं नाही. फक्त शेवटच्या ओळीवर त्याने कागद माझ्या हातातून घेतला आणि पुन्हा वाचला.

"फोन? घोडीला?"

"अख्खी पाहावी, बाबू," मी म्हटलं.

तो बापाकडे वळला. मग घसा साफ केला, आणि परक्याच्या घरात जपून पाय टाकावा तसा एकेक शब्द टाकत म्हणाला, "बाबा... भिंगरी... राहू दे. मी... फोन... रोज पण्णुतो." अर्धं आमचं, अर्धं तमिळ. पण डबी वाजायची थांबली.

"न्हाणीत धरायला कांब बसवायची," बाबू पुन्हा तमिळवर आला. "आजच. त्यात माझं ऐकायचं."

"सरि, बरें," मामा म्हणाले. इतक्या गरिबीने त्यांना बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

पुढच्या गुरुवारी मी दीड वाजता गेलो. भिंगरी चारी पायांवर उभी होती. मामांच्या कमरेला डबी नव्हती. खिडकीत पडलेली दिसली. कॉफीचा वास नाही. मामा कालव्याकडे तोंड करून बसलेले.

"पाय बरा हाय आतां," माझ्याकडे न बघता ते म्हणाले. "तुजला उगाच फेरा पडला. मी फोन करणार होतों." मग म्हणाले, "वही उलटी टांगली होतीस. मजला कळलें."

सात पानं लिहून पहिला आलेला माणूस मी. खिडकीतून डबी उचलली आणि झाकणावर दोन बोटं वाजवली. भिंगरीने एकदा मामांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि डावा पाय उचलून मान खाली टाकली.

"मामा," मी म्हटलं, "अजून लंगडतेय. हे दुखणं लांबणार."

मामांनी खांद्यावरच्या पंच्याने तोंड पुसलं, उगाचच जास्त वेळ.

"पण आतां पाय पाहूं नको," ते उठत म्हणाले. "राहुकाल हाय. तीनपर्यंत बस." आणि कॉफी उतरवायला आत गेले.

भिंगरी पाय वर धरूनच उभी. तो खाली ठेवायची खूण मला ठाऊक नव्हती. तशीच उभी राहिली बिचारी, मामा दोन पेले घेऊन बाहेर येईपर्यंत. त्यांनी पेले ओट्यावर ठेवले, तिच्या मानेवर हात फिरवला आणि तिच्या कानाशी वाकून म्हणाले,

"ठेव, बाई. तो येतोय पुढच्या गुरुवारी."